दिवेलागणीनंतरचा समुद्र

मुलगी मोबाइलवर समुद्रकाठची गावं शोधायला लागली तेव्हा मला तिचा राग आला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी नुकतेच यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, कागद परत दिले होते. पोटातलं दुखणं आता औषधाच्या हातात राहिलं नाही, घरी न्या, मन राखा, एवढंच ते म्हणाले. आणि ही पोरगी पुण्याहून सुटी काढून आलेली, बापाच्या खाटेवर बसून त्याला नारळाच्या झाडांचे फोटो दाखवत होती. हे गाव शांत आहे, या गावात गर्दी नसते, इथे वाडीतच राहायला खोल्या मिळतात. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "त्यायच्या घशाखाली पेज उतरत नाही, अन् तू फिराले नेऊन राहिली का?"

हे म्हणाले, "तू चूप बस. मीच सांगतलो तिले."

मी पेज ढवळायला लागले.

हे एसटीत ड्रायव्हर होते. आमच्याकडचं गोरेगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सारी उमर या रस्त्यांवर गेली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकीजावई घरी येतात, रात्रभर दंडारीचं नाटक चालतं, आणि सगळी दुनिया या गावाहून त्या गावाला निघते. तेव्हा हे स्टिअरिंगवर. दुसऱ्यांना मंडईला पोचवता पोचवता यांची घरची मंडई दरवर्षी हुकायची. त्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. त्यांना एकच खूळ होतं. आमचा मुलूख तळ्यांचा, गाव तिथे तळं आणि शेत तिथे बोडी, म्हणजे लहानसं तळं. पाहुण्यांना नवेगावच्या तळ्याच्या बांधावर नेलं की ते एवढं पाणी बघून तोंडात बोट घालत. हे मात्र पलीकडचे डोंगर दाखवून म्हणायचे, "याले त दुसरा काठ दिसते. मले बिनकाठाचं पानी पाहाचं हाये. त्यात एकदा डोक्शावरून आंघोळ कराची हाये." रिटायर झाल्यावर जाऊ असं ठरलं होतं. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत दुखणं निघालं.

तर निघालो. ऐन मंडईत निघालो म्हणून शेजारी हसले. "मंडई सोडून कोन जाते गा?" यांनी पिशवीत मूठभर नवे तांदूळ बांधून घेतले. लवकर पिकणारं हलकं धान तेवढं निघालं होतं, त्याचे. यांच्या घरची रीत अशी की नवा भात तोंडात घालायच्या आधी ज्या तळ्याचं पाणी धानाला मिळालं त्या तळ्याला मूठभर तांदूळ द्यायचे. मी म्हटलं, "समुद्रानं कधी पानी देलं आपल्या धानाले?" तर मलाच विचारतात, "ढग का तुह्या माहेरून येतेत?" आजारी माणूस म्हणून सोडून दिलं.

पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे मुलीने ठरवलेली गाडी. घाटात हे पुढच्या सीटवर बसले होते. पोटाशी उशी धरलेली, कपाळावर घाम, आणि तरी उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता, जो तिथे नव्हताच. त्या पोरसवद्या ड्रायव्हरला उतारावर गिअर कुठला हवा ते सांगून सांगून त्यांनी बेजार केलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. खिडकीकडे तोंड करून दोन्ही उरकून घेतलं.

गाव खरंच सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. चिऱ्याच्या लाल भिंती, मधून एक गाडी जाईल एवढीच वाट, दोन्ही बाजूंना सुपारीच्या उंच वाड्या आणि त्यातून खेळवलेले पाण्याचे पाट. आम्ही उतरलो ते घर एका बाईंचं होतं. त्या स्वतः रांधायच्या. घराच्या मागे नारळाची वाडी, वाडीच्या टोकाला चार पायऱ्या, आणि पायऱ्या उतरल्या की वाळू. सुटीवर आलेली माणसं झोपाळ्यावर बसून कोकम सरबत पीत होती, कुणी पुस्तक वाचत होतं, एक नवी जोडी एकमेकांचे फोटो काढत होती. जो तो आराम करायला आलेला. त्यांच्यात आम्ही औषधांची पिशवी आणि गरम पाण्याची थैली घेऊन शिरलो, तेव्हा लग्नघरात चुकून सुतकी माणसं आल्यासारखं मला झालं.

संध्याकाळ झाली होती. मुलीने बापाला हाताला धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. आणि पाणी तिथेच होतं. शेवटच्या पायरीपासून दहाबारा पावलांवर लाट फुटत होती आणि पसरत पसरत आमच्याकडे येत होती. पलीकडे काहीच नव्हतं. हे कितीतरी वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "चला, मी धरतो तुमाले. पाय त बुडवा."

"आता नाही. दिवे लागले."

मागे बाईंच्या घरात खरंच दिवा लागला होता. ही यांच्या घरची दुसरी रीत. दिवेलागण झाली की पाणी झोपतं, मग त्यात पाय घालू नये. तळ्यावर कुणी म्हशीला सांजेला पाण्यात सोडलं तरी हे बांधावरून शिव्या घालायचे. आणि नवे तांदूळ द्यायचे तर सकाळी, दाढी करून, धुतलेलं नेसून, अनशापोटी. "पयल्यांदा भेटून राहिलो. प्रवासाच्या पारोशा आंगानं जाऊ का त्याच्यात? सकारी जाऊ."

मुलगी म्हणाली, "बाबा, आत्ता जवळ आहे. आत्ताच जाऊ या ना."

"पोरी, पानी का कुठं पळून जाते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मलाही यांचंच पटलं. आम्ही तळ्याकाठची माणसं. आमचं पाणी कार्तिकात पायरीला असतं आणि फाल्गुनात चिखलाला जातं. त्याला हलायला महिने लागतात, आणि हलतं ते गावाला सांगून हलतं. एका रात्रीत कुठे जाणार?

रात्री बाईंनी यांच्यासाठी मऊ भात केला. यांनी चार घास खाल्ले आणि मला हळूच म्हणाले, "भात बरा हाये. पन आपला नोहे." कितीतरी दिवसांनी त्यांनी चार घास खाल्ले होते. मी त्या रात्री फार खूश होते. लाटांचा आवाज येत होता आणि हे दर थोड्या वेळाने म्हणत होते, "आयकून राहिली ना?"

सकाळ यांच्यासाठी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ. कळ येऊन गेल्याशिवाय उठवत नसे. मग गोळी, मग ती लागू पडेपर्यंत पडून राहणं, मग दाढी. दाढी मी करून देते म्हटलं तर नाही म्हणाले, थांबून थांबून स्वतः केली. धुतलेलं धोतर नेसले. उन्हं चांगली वर आली होती. हातात तांदळाची पुरचुंडी घेऊन, मुलीच्या आणि माझ्या खांद्यावर भार टाकून हे पायऱ्यांवर आले.

समुद्र नव्हता.

नव्हता म्हणजे होता, पण एखाद्या गावाच्या शिवारापलीकडे असावा तेवढा लांब. मधे सगळी ओली, चकाकती वाळू. तिच्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. मी आयुष्यात इतकी बावचळले नव्हते. यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, जणू आमच्यापैकी कुणी पाणी सोडून दिलं असावं.

बाई धावत आल्या. म्हणाल्या, "अहो काकू, ओहोटी लागलीय. येईल हो, सांजेला पुन्हा तिथपर्यंत येईल." भरती आणि ओहोटी. शाळेच्या पुस्तकात दोन्ही शब्द वाचले होते, मुलीला पाठही करून घेतले होते. पण ती रोजची गोष्ट असेल, आणि तिचा आमच्याशी संबंध येईल, असं डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर हसेल. माझ्या गावातलं कुणी हसणार नाही.

क्रिकेटवाली दोन पोरं यांना बाईंच्या खुर्चीत बसवून उचलून न्यायला तयार झाली. यांनी डोळे वटारले. "मी का गनपती हाये? उचलाचं ते मेल्यावर उचला." मुलगी रडायला लागली. तिला म्हणाले, "रडून कायले राहिली? चालतो ना मी."

चालले. ओल्या वाळूत पाय टाकत, दर थोड्या पावलांनी थांबत. दीड तासाच्या रस्त्यावर एसटी एका हाताने खेळवणारा माणूस. निम्मं अंतरही झालं नसेल, आणि त्यांचे गुडघे वाकले. आम्ही धरेपर्यंत ते खाली बसलेही होते. धुतलेल्या धोतराला वाळू लागली. मी म्हटलं, "बसा थोडे. मंग जाऊ." ते पाण्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे. मग त्यांनी पुरचुंडी सोडली आणि तांदूळ तिथेच वाळूवर ठेवले. "सांजेले येईल तवा घेऊन जाईल," म्हणाले. आवाज इतका साधा होता की मला त्या समुद्राचाच संताप आला. एवढी दुनिया त्याच्यात डुंबते, खिदळते, बाटल्या फेकते, आणि हा माणूस दाढी करून आला तर हा उठून गेला.

परत येताना त्यांनी खुर्चीला नाही म्हटलं नाही.

सांजेला पाणी झोपो नाही तर मरो, मी यांना नेणारच होते. मुलगी आणि मी तसं ठरवून ठेवलं होतं. पण दुपारपासून अंग तापलं, मग पोटात अशी कळ उठली की बाईंच्या ओळखीच्या डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की उजाडताच घराकडे निघा, उशीर करू नका. मागे लाटांचा आवाज पुन्हा पायऱ्यांजवळ आला होता. मी यांच्या कानाशी वाकून विचारलं, "बादलीत घेऊन येऊ का? पाय तरी बुडवा."

डोळे न उघडता म्हणाले, "बादलीतलं पानी बोअरिंगचंच असते. राहू दे."

सकाळी निघालो.

घरी आल्यावर भेटायला माणसं यायला लागली. जुने कंडक्टर, डेपोतले मेकॅनिक, शेजारचे, आणि मंडईला आलेले पाहुणे. पहिल्याने विचारलं, "काय गा, पाहिला का समुद्र?" उशीला टेकलेले हे म्हणाले, "पाहिला? आंघोळ केलो ना." मी चहा घेऊन दारात उभी होते. हे सांगतच होते. पाणी छातीपर्यंत आलं, लाटेने पाडलं, नाकातोंडात खारट गेलं, "अन् ही घाबरून काठावरून बोंबलून राहिली होती, या जी बाहीर, या जी बाहीर." माणसं माझ्याकडे बघून हसली. मीसुद्धा हसले. "मंग का, आयकते का हा मानूस कोनाचं," म्हटलं.

मुलीला ते सहन झालं नाही. ती आत येऊन म्हणाली, "आई, बाबा खोटं का बोलतायत?" मी तिला चहाची भांडी घासायला लावलं. दुसरं काय सांगणार होते? पुढे रोज कुणी ना कुणी येई आणि आंघोळ वाढत जाई. एकदा लाटेने चप्पल नेली, एकदा यांनीच एका बुडत्या पोराचा हात धरला. मी प्रत्येक वेळी हो ला हो मिळवलं. माणूस बघता बघता वाळत होता, पण ते सांगताना आवाज डेपोतल्यासारखा खणखणीत व्हायचा. लोक गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आमच्या दोघांत त्या गोष्टीचा एक शब्द निघत नसे.

भारी धानाची मळणी सुरू झाली, थंडी पडली, तेव्हा त्यांचं बोलणं कमी झालं. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांचे पाय चेपत होते. छताकडे बघत ते म्हणाले, "त्या दिवशी मी इंजेक्शनानं झोपलो, तवा तू त गेली असशील ना पान्यात?"

मी त्या सांजेला खाटेजवळून हललेच नव्हते. पाणी पायऱ्यांशी येऊन गेलं तेही मी आवाजावरूनच ओळखलं. आजही मी समुद्राला बोट लावलेलं नाही. यांचा चेहरा बघितला. रागाने नव्हते विचारत. त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"गेली होती," मी म्हटलं.

"कसं होतं वो? थंड होतं का?"

"नाही. कोमट होतं. आपल्या बोडीवानी, उन्हाच्या टायमाले असते तसं."

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला पाय थोडा सैल सोडला. मी चेपत राहिले.