मांडलिकाचा नकार

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, गेल्या शनिवारी संध्याकाळी आखातातल्या अल बर्शा भागातल्या एका शाळेच्या सभागृहात एक ग्रीक राज्य बुडालं. राजा मीच होतो.

मराठी मंडळासाठी ही एकांकिकाही मीच लिहिली होती. जग जिंकणारा ग्रीक सम्राट मेला आणि त्याच्या सरदारांनी साम्राज्य वाटून घेतलं. त्या बड्या धेंडांच्या कात्रीत सापडलेला, डोंगरातल्या चिमुकल्या राज्याचा माझा हा मांडलिक राजा. सैन्य मागायला दूत आला की त्याला भरपेट जेवू घालायचा, 'देवांची इच्छा असेल तर नक्की' म्हणायचा आणि घोडे आजारी पाडायचा. शेवटी त्यातलाच एक, आता स्वतःला सम्राट म्हणवणारा सरदार स्वतः येतो आणि राजा ताठ मानेने नकार देतो. पडदा. टाळ्या.

सम्राटाचं काम आमच्या कंपनीच्या डायरेक्टरांना दिलं, कारण मध्यंतरातले बटाटेवडे त्यांच्याकडून होते.

हेच सर तीन आठवडे मला दूर अबुधाबीतल्या खलिफा सिटीच्या साइटवर पाठवायच्या मागे होते. रोज लिफ्टमध्ये खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "मग, कधी जॉइन होताय?"

"बघतो सर, इन्शाल्ला." घोडे आजारी!

बायकोचा मात्र धीर सुटला होता. लेकीचं बारावीचं वर्ष, त्यामुळे घर हलवणं अशक्य. आणि रोज अबुधाबीला ये-जा केली असती तर मी घरी फक्त झोपायला उरलो असतो.

"अहो, एकदा तोंडावर नाही म्हणून टाका ना!"

"स्टेजवर म्हणणार आहे," मी म्हणालो. "तोंडाला सवय झाली की सोमवारी ऑफिसात."

"यू वोंट, पप्पा," लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

घरच्या तालमीत मी 'कधीच नाही!' असा गरजलो होतो की शेजाऱ्याने भिंत ठोकली.

प्रयोगाच्या दिवशी अंगावर पांढरी चादर, पायात कोल्हापुरी, डोक्यावर केकच्या पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट. समोर हॉलच्या पडद्याचा झगा पांघरलेले सर. पहिल्या रांगेत मुठी आवळून बसलेली बायको.

सर पुढे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी लिफ्टमधल्यासारखा, आणि म्हणाले, "मग राजा, माझ्या छावणीत कधी दाखल होतोस?"

मी छाती फुगवली. तलवार उंचावली. सभागृह चिडीचूप. आणि माझ्या तोंडून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात, निघालं:

"मंडेपासून जॉइन होतो, सर!"