सशाच्या रक्तातलं औषध

परदेशातून आमच्या प्रयोगशाळेत अँटिबॉडीची कुपी आली, त्या दुपारी आई माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. पोटातल्या गाठीसाठी तिला गावाहून, जामसरहून, मुंबईला आणलं होतं, आणि त्याच सकाळी डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. तिला ते अजून माहीत नव्हतं. मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी आपली कामाला लागले.

कुपी करंगळीच्या पेराएवढी. हातमोजे घालून मी ती कोरड्या बर्फातून अलगद उचलली, तेव्हा आई टक लावून बघत होती. मी सवयीने व्याख्यान झोडलं. पेशीच्या दोन होण्याआधी आतली गुणसूत्रं आवळली जातात, पसरलेल्या पेंढ्याचा भारा बांधावा तशी. आवळणारी प्रथिनं कुठे बसलीत ते ह्या थेंबांमुळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. सशाच्या रक्तातून काढतात हे.

"मंग औषीदच हाय," आई म्हणाली.

"औषध नाही गं. ह्याने नुसतं बघता येतं. बरं कुणी होत नाही."

ती समजल्यासारखी हसली. आमच्याकडे झाडपाला देणारा भगत मुळीचं नाव कधी सांगत नाही. सांगितलं तर गुण जातो. कुणी विचारलंच तर माझ्याकडे कुठलं औषध, असंच म्हणतो. मी जितकं नाही म्हणत गेले तितकी आईची खात्री पटत गेली. एवढं शिकून मी शेवटी भगताच्याच पंक्तीत जाऊन बसले.

जव्हारला एसटी बदलून आम्ही घरी आलो. भेटायला येणाऱ्या बायांना ती दबक्या आवाजात सांगायची, "पोरीपाशी हाय. येळ झाली का देल." तसलं काही औषध नाही, हे मी दर वेळी सांगायचे आणि बाया शहाण्यासारख्या माना डोलवायच्या. संताप यायचा, आणि मग चुलीपाशी जाऊन मी रडायचे. एकदा आवाज चढवून बोलले, तर आईच मला समजावू लागली, "बरा बरा. नको सांगू."

भात कापणीला आलं तेव्हा तिचं खाणं सुटलं होतं. एका सकाळी तिने बायांना बाहेर जायला सांगितलं, मला जवळ बसवलं, आणि तोंड उघडलं.

मी तांब्यातलं पाणी चमच्याने तिच्या जिभेवर घातलं. तिने डोळे मिटून ते हळूहळू गिळलं.

"कडू नाय गं," ती म्हणाली.

ते पाणी आहे, हे मी तिला सांगितलं नाही.