समासातली माय

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी नांदेडहून तिथं बदली झाली. नव्या कचेरीत खुर्च्या आल्या होत्या, कपाटं यायची होती आणि माणसं चहूकडून उचलून आणलेली. कुणाची कुणाशी ओळख व्हायच्या आत संध्याकाळ व्हायची आणि जो तो आपल्या खोलीवर. त्यात दुष्काळ. टँकर आला की घागर घेऊन रांगेत उभं राहायचं, एवढाच माझा शेजार. माझ्याशी धड बोलायचं ते आमच्या गावाहून, लोह्याहून येणारं दादांचं पोस्टकार्ड.

दादा म्हणजे माझे वडील. वर ‘जय भीम’, मग विहिरीचा तळ, कुणाचं लग्न ठरलं, कोण वारलं. जागा संपली की कार्ड आडवं धरून डावीकडच्या समासात शेवटची ओळ लिहायचे : ‘तुझी माय म्हणते...’ मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. कधी ‘पाणी गाळून पी’, कधी ‘तुझं ताट अजून फळीवरच आहे’. कार्ड हातात आलं की मी आधी ती कड वाचायचो, विहिरीचं नंतर.

दादा गेले आणि कार्डं थांबली. मायला म्हटलं, माझ्याकडे चल.

“तिथं तरी कुठं पाणी हाय?” ती म्हणाली.

दार उघडलं की पोस्टमन फटीतून कार्ड सारायचा तिथं बघायची सवय मात्र सुटेना. फरशी रिकामी दिसली की फार एकटं वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा. एवढा घोडा झालास आणि कार्डासाठी रडतोस? शेवटी एका रविवारी ट्रंकेतली सगळी कार्डं, घरातले चार फोटो आणि दादांचा शाळेचा दाखला काढला. याची वही बांधायची आणि मायचं बोलणं मायलाच वाचून दाखवायचं असं ठरवलं. निदान तेवढं तरी हरवू द्यायचं नव्हतं.

कार्डं दोन्ही बाजूंनी लिहिलेली, अख्खी चिकटवता येईनात. म्हणून जाड खाकी पानावर एकच कड डकवली, दुसरी मोकळी ठेवली. मायची ओळ खळीखाली जाऊ नये म्हणून समासाची बाजू मुद्दाम बाहेर घेतली, अगदी पानाच्या काठाला भिडवून. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पानांना आकडे टाकले आणि शेवटी ‘या वहीत १ ते ६४ पाने आहेत’ असा कचेरीतल्या रजिस्टरसारखा दाखलाही लिहिला. जित्याची खोड, दुसरं काय.

वही बांधायला छापखान्यात दिली. तिथं तेव्हा जिकडेतिकडे नव्या जिल्ह्याचे लेटरहेड वाळत पडलेले. माझं पहिलं पान मात्र त्यांनी मन लावून छापलं : ‘आमच्या घरची वही’. मागच्या खोलीत म्हातारे चाचा बाइंडिंग करायचे. “साब, खळीला पानी न्हाई. टँकर येऊ द्या,” म्हणाले.

चार दिवसांनी वही हातात आली. लाल कापडाची पाठ, कडा कशा सुरीसारख्या सरळ. उघडली आणि पानामागून पान उलटत गेलो. एकाही कार्डाला समास नव्हता. चाचांनी मशीनवर वहीच्या तिन्ही बाजू छाटल्या होत्या, जशा ते प्रत्येक वहीच्या छाटतात.

“कडा सरळ केल्याबिगर कसली बाइंडिंग, साब?”

चूक त्यांची नव्हती, सांगायला हवं होतं मी. कातरण कुठंय विचारलं, तर ते खळ शिजवायला चुलीत गेलेलं. त्यावर काय होतं ते मी सांगितलं तेव्हा चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं. “अम्माचं बोलणं होतं?” एवढंच म्हणाले.

मी एसटीनं लोह्याला गेलो. मायनं वही मांडीवर घेतली आणि छाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. तिला काही सांगायचा धीर झाला नाही. ओळी मला पाठ होत्या, म्हणून वाचल्यासारखं करून बोलत गेलो. गाळलेलं पाणी झालं, फळीवरचं ताट झालं.

“तुझी माय म्हणते, तू गेल्यापासून घर लई मोठं झालंय.”

“मी?” मायनं मान वर केली. “मी न्हाई रं असं म्हनले.”

“मग कोण म्हणालं?”

“ते इचारायचे, काय लिवू? मी म्हनायची, काय लिवता, पाणी न्हाई म्हनून लिवा. मंग माझ्याकडं पाठ करून बसायचे. लई येळ लिवायचे. काय लिवलं इचारलं तर म्हनायचे, पाण्याचंच.”

तिनं वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, “वाच बरं पुन्हा. ते घराचं.”

मी कोऱ्या, सरळ कडेकडे बघत पुन्हा म्हणून दाखवलं. स्वतःच्या नावानं दादांनी मला असं एकदाही लिहिलं नव्हतं.