ऑर्मरॉडांचे फिरते हजार पौंड

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत आमच्या शेजारी एनिड आणि क्लिफर्ड ऑर्मरॉड राहायचे. क्लिफर्डनी बस कंपनीत चाळीस वर्षं वेळापत्रकं बनवली आणि निवृत्त झाल्यावर तीच शिस्त पैशांना लावली. दोघांच्या नावावर तीन बँकांत तीन चालू खाती होती. प्रत्येकात दोन हजार पौंड ठेवलेले, त्यावर पाच टक्के व्याज; इथे चालू खात्यावरही मिळतं. अट एवढीच, की दर महिन्याला खात्यात बाहेरून हजार पौंड यायला हवेत. मग क्लिफर्ड तेच ते हजार फिरवायचे. एक तारखेला पहिल्यातून दुसऱ्यात, दोनला तिसऱ्यात, तीनला परत घरी, म्हणजे पहिल्यात. बँकांना कायमची सूचना दिलेली, त्यामुळे सगळं आपोआप व्हायचं.

"एकच बस, तीन थांबे," ते मला सांगायचे. "आणि पोरी, प्रत्येक थांब्यावर वेगळं तिकीट!"

एनिडबाईंचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला. कॉम्प्युटरला त्या बोट लावत नसत. "शिकून घे गं. मी नसलो तर?" असं क्लिफर्ड म्हणाले, की त्या म्हणत, "तू कुठे जातोयस? दूध आणायला पाठवलं तर दूध विसरून परत येतोस!"

सप्टेंबरात क्लिफर्ड बागेत कोसळले आणि गेले. एनिडबाईंनी बँकांना काही कळवलं नाही. मी दोनदा आठवण करून दिली. "कळवलं की ते खरं होईल," त्या म्हणाल्या. मग मीही विषय सोडला. हजार पौंड आपले फिरत राहिले.

जानेवारीत एक दिवस त्या घरातल्या सपाता घालूनच माझ्या दारात आल्या. हातात खात्याचा उतारा.

"हे बघ. हजारांचे साडेबाराशे कसे झाले?"

त्यांच्या दाराशी टपालाचा ढीग पडला होता. त्यात बँकेचं एक न फोडलेलं पाकीट सापडलं. मी फोडलं. जानेवारीपासून अट वाढली होती, हजाराऐवजी साडेबाराशे भरायचे होते. म्हणजे कुणीतरी वेळेवर सूचना बदलली होती.

ते पैसे ज्या बँकेतून निघाले होते, तिथे आम्ही गेलो. काउंटरवरच्या बाईनं पडद्यावर पाहिलं. "चौदा डिसेंबरला बदललीय. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. मिस्टर ऑर्मरॉडांनी स्वतःच, त्यांच्या पासवर्डनं."

"तो सप्टेंबरात गेला," एनिडबाई म्हणाल्या.

त्या बाईनं पुन्हा पुन्हा माफी मागितली, क्लिफर्डचं नाव खात्यावरून काढलं, पासवर्ड बंद केला. घराशी आल्यावर एनिडबाई एवढंच म्हणाल्या, "तारीख चुकवायचा नाही तो कधी."

पुढच्या आठवड्यात मला हॉस्पिटलच्या कामावरून सुट्टी होती, म्हणून त्यांच्याकडे जाऊन बसले. चहा झाला. हीटरजवळ त्यांना डुलकी लागली. मी विणत होते. या दिवसांत इथे चारलाच अंधारतं. दिवा लावावा म्हणून मान वर केली, तर त्या उठून उभ्या होत्या. डोळे उघडे, पण मी त्यांना दिसत नव्हते. त्या मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले.

कॉम्प्युटर चालू होता. त्यांनी क्लिफर्डचा जाड भिंगांचा चष्मा लावला होता आणि दोनच बोटांनी, एकेक अक्षर शोधत, टाइप करत होत्या. पडद्यावर लाल अक्षरं आली: प्रवेश नाकारला. त्यांनी परत टाइप केलं. परत लाल.

"एनिडबाई," मी हळूच हाक मारली.

"एक मिनिट, पोरी." वळून न बघता त्या म्हणाल्या. "इथला थांबा कुणीतरी बंद केलाय."

आवाज त्यांचाच होता. पण तीस वर्षांत त्यांनी मला कधी पोरी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांवरून चष्मा काढला. त्यांची बोटं बर्फासारखी होती.

"मी इथे कशी आले गं?"

मी त्यांना पाहिलेलं सगळं सांगितलं. ते एक संबोधन तेवढं सांगितलं नाही. त्यांनी माझ्या हातातला चष्मा घेऊन डबीत ठेवला. मग म्हणाल्या, "हा मेल्यावरही माझं काम स्वतःच करत बसला. शिकव मला."

त्या संध्याकाळी त्यांच्या नावानं नवा पासवर्ड काढला. स्वतःचा चष्मा लावून, जीभ दातांत धरून त्यांनी तिन्ही बँकांच्या सूचना तपासल्या. उरलेल्या दोन बँकांना क्लिफर्ड गेल्याचंही कळवलं. पत्र लिहिताना रडल्या, पण लिहिलं.

मार्चमध्ये एका बँकेनं व्याज कमी केलं, तेव्हा त्यांनी माझ्याशिवाय ते खातं दुसरीकडे हलवलं. नव्या बँकेनं भेट म्हणून शंभर पौंड दिले. त्यातून त्यांनी मला समुद्रावर नेऊन तळलेला मासा खायला घातला.

"आता झोप कशी लागते?" मी विचारलं.

"छान." त्यांनी माशावर व्हिनेगर शिंपडलं. "फक्त उठते तेव्हा कधी कधी बोटं गार असतात."