काठाच्या टपाची लाल गाडी

इंजिन उघडून परत बसवलं की एखाददुसरा नट हातात उरतोच. कुठला ते कोणालाच आठवत नाही, आणि गाडी तर मजेत चालते! आम्ही तो नट डब्यात टाकायचो. रामदासपेठेतल्या आमच्या गॅरेजात असे तीन डबे भरले होते. किश्शांचंही तसंच. मी तिथे लिहिण्याचं काम करायचो, सुट्या भागांची यादी ठेवायचो आणि उरलेला वेळ ऐकत बसायचो. एकाच गाडीचे किस्से सांगतो, कारण ती माझी सगळ्यात लाडकी होती.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. वकील अण्णासाहेबांकडे एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. लाल रंग, लांब नाक, दोन सीटा. मायदेशी परतणाऱ्या कुठल्याशा गोऱ्या अफसराकडून घेतलेली. अण्णासाहेबांनी बार रूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "या हिवाळ्यात मी ही गाडी दिल्लीला नेणार!" मुलगी दिल्लीला दिली होती आणि नातू पाच महिन्यांचा झाला होता.

गाडी गॅरेजात आली. तिच्यामागून सायकलरिक्षात बसून अण्णासाहेबांच्या पत्नी, माई आल्या.

अण्णासाहेब आमच्या हेडमिस्त्रीला म्हणाले, "तुळशीराम, महिनाभरात गाडी तयार कर. आणि तू माझ्यासोबत चल. रस्त्यात बिघडली तर?"

माईंनी रिक्षातूनच विचारलं, "आणि मी?"

"सीटा दोनच आहेत!"

सात वर्षं ती गाडी माईंच्या अंगणात उभी होती. पण शेजारच्या सीटवर कधी मिस्त्री असायचा, कधी एखादा अशील. माईंना कधी तिच्यातून गावाबाहेरही जायला मिळालं नव्हतं. नातू बघायचा होताच, पण जायचं होतं ते याच गाडीतून.

त्या सरळ तुळशीरामकडे वळल्या. "मिस्त्री, तुम्ही रस्त्यात काय काम करणार?"

"बिघडली तं सुधरवीन, माई."

"मग तेवढं मला शिकवा."

अण्णासाहेब पोट धरून हसले. "शीक, शीक! महिनाभरात शिकलीस तर सीट तुझी!"

इतके मुरलेले वकील, पण आजूबाजूला किती साक्षीदार उभे आहेत ते बघायला विसरले. आम्ही सात जण होतो!

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी माई हजर. पदर खोचलेला, हातात घरून आणलेलं फडकं. तुळशीराम आधी फार लाजला. मग त्याने एक युक्ती काढली. रोज तो गाडीत मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवायचा आणि माईंनी ते शोधायचं. कधी वायर सैल, कधी पेट्रोलच्या नळीत कचरा. माई आधी नुसत्या ऐकायच्या. "यातलं तिसरं सिलिंडर नीट जळत नाहीये," असं म्हणून तिसरा प्लग काढायच्या, आणि तो खरंच काजळीने भरलेला असायचा.

एकदा ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट जुळवायची होती. ती मोजायची पातळ पट्टी तुळशीरामने मुद्दाम लपवली. "झाशीच्या रस्त्यावर पट्टी हरवली, तं काय करसान?"

माईंनी इकडेतिकडे बघितलं. अण्णासाहेबांचा कोट खुंटीला टांगला होता. खिशातून त्यांचं व्हिजिटिंग कार्ड काढलं, फटीत सरकवलं, स्क्रू कसला. हँडल मारल्याबरोबर गाडी सुरू!

"आजवर यांची इतकी कार्डं वाटली," माई म्हणाल्या, "कामाला आलेलं हे पहिलंच."

* * *

तुळशीराम मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरचा. माग सोडून तो पाने-पकडी धरायला आला, पण बोटं तीच राहिली. गाडीच्या सगळ्या जुन्या वायरी तडकल्या होत्या. त्या त्याने एकेक करून बदलल्या आणि प्रत्येक जोडावर तुटलेला धागा सांधतात तशी बारीक गाठ मारली. ती गाठ सुटलेली मी कधी पाहिली नाही.

पण खरा प्रश्न टपाचा होता. डिसेंबरातला प्रवास, आणि गाडीचा कापडी टप पार कुजलेला. तुळशीराम म्हणाला, "मायले सांगतो. ते जाड कापड विणून देईन."

पंधरा दिवसांनी त्याची माय उमरेडहून स्वतः कापड घेऊन आली. कापड उत्तम. जाड, घट्ट, मेण लावलेलं, पाणी टाकलं तर ओघळून जाईल असं. फक्त लांबी नऊ वार, आणि दोन्ही बाजूंना लालभडक करवती काठ!

अण्णासाहेब ओरडले, "अगं बाई, ही स्पोर्ट्स कार आहे! लुगडं नव्हे!"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "नऊ वारापेक्षा कमी म्या आजवर मागावरून उतरवलं नाही. अन् बिनकाठाचं तं उतरवनारच नाही."

"पण गाडीला काठ कशाला?"

"मंग उघडी फिरवा!"

टप काठासकट बसला. उरलेल्या कापडातून दोन्ही सीटांची कव्हरं निघाली, त्यांनाही काठ आला. खरं सांगतो, ती गाडी आधी नुसती देखणी होती, आता आपली वाटायला लागली.

* * *

थंडीत गाडी सुरू होणं हे एक दुखणंच. शिवनीच्या पुढे नागपूरपेक्षा कडक गारठा असतो. तुळशीरामने उपाय सांगितला, "सकाळी रेडिएटरमधी ऊन पानी टाकत जा, माई. इंजन लवकर जागं होते."

माईंनी लगेच घरी सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी अण्णासाहेब तणतणत गॅरेजात आले. डोक्याला माकडटोपी, आणि दाढी अर्धीच केलेली.

"तुळशीराम, काय शिकवून ठेवलंस हिला? मी पंचा गुंडाळून न्हाणीघरात उभा, आणि बंबात थेंब नाही! सगळं पाणी गाडीत!"

मागून माई आल्या. "मी म्हटलं ना, दुसरा बंब तापतोय म्हणून? ती एका हँडलमध्ये उठते. तुम्हाला चार हाका माराव्या लागतात."

* * *

आमच्या गॅरेजात एक कायदा होता. ज्याने नट कसला, ट्रायल त्यानेच घ्यायची. म्हणजे मग कोणी हलक्या हाताने कसत नाही. गाडीचा मालकही त्याला अपवाद नव्हता.

माईंनी एका दुपारी अख्खा कार्बोरेटर एकटीने उघडला, धुतला, परत बसवला. एकही नट उरला नाही! आमच्या गॅरेजात हे पहिल्यांदाच घडलं होतं. अण्णासाहेब कौतुकाने पुढे आले आणि स्टिअरिंगवर बसायला लागले. तुळशीराम आडवा आला.

"नाही साहेब. कार्बोरेटर माईनं बसवला. ट्रायल माईची."

"अरे, तिला गाडी कुठे चालवता येते?"

"तं मंग शिकतीन. गाडी तवरक उभी राहीन."

दोन आठवडे गाडी 'उभी' राहिली, म्हणजे तुळशीरामला शेजारी बसवून माई ती कामठी रोडवर चालवत राहिल्या. लायसनही निघालं. मग ठरली रामटेकची ट्रायल. सीटा दोन, म्हणून माई आणि तुळशीराम पुढे गेले आणि अण्णासाहेब मागून मोटार बसने निघाले. त्यांची बस रामटेकला पोचली तेव्हा माई दर्शन घेऊन, गड उतरून, बॉनेट उघडून प्लग पुसत बसल्या होत्या.

 परत येताना अण्णासाहेबांनी तुळशीरामला बसमध्ये बसवलं आणि स्वतः गाडीत शिरले. डाव्या, म्हणजे स्टिअरिंग नसलेल्या बाजूने शिरले, हे आम्हाला तुळशीरामने नंतर हळूच सांगितलं.

सीट माईंची झाली होती. मला फार आनंद झाला, आणि तुळशीरामने तर गॅरेजभर चिवडा वाटला.

* * *

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे अण्णासाहेबांच्या फाटकाशी उभे होतो. अण्णासाहेब माकडटोपी घालून स्टिअरिंगवर, शेजारी माई, मांडीवर नातवाची दुपटी. पायाशी हत्यारांची पिशवी. काठाचा टप उन्हात चमकत होता. माईंनी उतरून पुढचं हँडल मारलं, गाडी पहिल्याच फेऱ्यात उठली, आणि दोघं जबलपूरच्या रस्त्याला लागले.

तुळशीराम मात्र त्या दिवसापासून सुकला. कामात लक्ष नाही, डबा तसाच परत. मला म्हणाला, "म्या जबान देली गा बाबू, का मी नसलो तरी गाडी अटकनार नाही. अटकली तं माई रस्त्यात बसतीन, अन् जलमभर आयकतीन. मले तोंड नाही दाखवता येनार."

"अरे, काही होत नाही."

"तुले काय समजते? तू यादी लिहतं!"

चौथ्या दिवशी दुपारी तार आली. झाशीहून. तुळशीरामच्या नावाने, नागरी अक्षरांत. त्याला वाचता यायचं, पण त्याने ती माझ्या हातात दिली.

मी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "तुळशीराम, ताबडतोब झाशीला या."

 त्याने पेटी ओढली आणि तो पाने भरायला लागला. "काय तुटलं असन गा? एक्सल? का गियर गेला? म्या पाह्यला होता नं, दोनदा पाह्यला होता! काहून थांबला तू? पुढचं वाच नं!"

मी पुढचं वाचलं.

"गाडी उत्तम. हत्यारं आणू नका. पुढे मी नेते. ह्यांना परत घेऊन जा. माई."