बिस्किटांवर पोसलेल्या मेंढ्या

काल्हेरच्या गोदामात मी सुपरवायझर आहे. इतक्या वर्षांत तिथे एकच गोष्ट शिकलो: जागा रिकामी दिसली की भरायची. हेच शास्त्र मी घरी आणलं आणि अकरा मेंढ्यांना लावलं.

मेंढ्या बायकोच्या. अंबाडीच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या सामाईक जागेत तिने पत्र्याची शेड घातलेली आणि आत जमिनीपासून हातभर उंच बांबूचा माच, पावसात खुरं चिखलात राहू नयेत म्हणून. मी सल्ले द्यायचो आणि खाद्य पुरवायचो. गोदामात फोर्कलिफ्टचा दात लागून बिस्किटांची खोकी फाटायची. तो माल विकायला चालत नसे, जनावरांना घाला म्हणून देऊन टाकत. रोज संध्याकाळी माझ्या स्कूटरवर एक पोतं असायचं.

"एवढं गोड नका घालू," बायको म्हणायची. "मेंढी हाय ती, पाव्हणी न्हाय."

मी तिला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवायचो. मेंढा कळपात सोडण्याआधी खुराक वाढवा, असं त्यात एक गृहस्थ सांगत. बिस्किटांचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, पण खुराक कशाचा हे ठरवायला मी समर्थ होतो. आणि 'आधी' म्हणजे किती आधी, याचा मी उदार अर्थ लावून वर्षभर घातला.

मेंढ्या अशा गोलमटोल झाल्या की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. मेंढाही त्यांच्या पंक्तीला असायचा. आषाढात त्याला कळपात सोडला, तर दोन मेंढ्यांनंतर त्याने सरळ बसून घेतलं. मार्गशीर्षात दोनच कोकरं झाली. पहिलंच वर्ष आहे, असं मी म्हणालो. 

ते पटलं नाही माझ्या मोठ्या भावाला. जागेत त्याचाही वाटा. "अजून एक वर्ष बघतो," दादा म्हणाला. "कोकरं नीट झाली तर राहू दे शेड. न्हाय तर जागा गोदामाला देऊ. पार्टी कवापासून मागं लागली हाय." त्याचं चुकलं नव्हतं. आजूबाजूच्या शेतांवर गोदामांची छपरं कधीच चढली होती. बायको शेडमध्ये गेली आणि सकाळी झाडलेला माच तिने पुन्हा झाडला. मला माझी लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी उपायही केला: दुसऱ्या दिवशी दीड पोतं आणलं.

चैत्रात जनावरांचे डॉक्टर लस द्यायला आले. मी अभिमानाने कळप दाखवला. त्यांनी एका मेंढीच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे बोटं दाबली. मग आणखी दाबली.

"हाड कुठंय?"

"आत असेल," मी म्हणालो.

"एवढी चरबी चढल्यावर गाभण कशी राहणार? घालता काय?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. "बिस्किटं बंद. रोज चालवा. मेंढा वेगळा ठेवा आणि त्यालाही चालवा." चालवायचं कुणी, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिफ्टच्या आधी मी अकरा मेंढ्या घेऊन निघू लागलो, आणि परत येऊन मेंढा. रस्त्यावर एका ट्रेलरवाल्याने काच खाली करून विचारलं, "चाचा, ये माल किधर का?" मेंढ्या दमून बसायच्या, त्यांच्याशेजारी मीही. दर सोमवारी बायको एकेकीच्या पाठीवर हात फिरवायची. हाड हाताला लागू लागलं तसा तिचा चेहरा सैल झाला. मेंढा सोडायच्या पंधरा दिवस आधी तिने प्रत्येकीला मूठभर मक्याचा भरडा सुरू केला, मग थांबवला, आणि व्यायच्या आधीच्या महिन्यात पुन्हा वाढवला. व्हिडिओतले गृहस्थ हेच सांगत होते. मी तिला तसं बोललो नाही.

मार्गशीर्षात नऊ मेंढ्या व्याल्या. दोघींना जुळी. शेवटचं ओलं कोकरू बायकोने पोत्याने पुसून आईच्या तोंडाशी ठेवलं, ते धडपडत उभं राहिलं, आणि मला रडू आलं. सर्दी झाली, असं मी सांगितलं.

दादा आला. शेडमध्ये बराच वेळ वाकून बघत राहिला. "राहू दे मग शेड," म्हणाला. खूश होऊन त्याने खिशातून बिस्किटांचा पुडा काढला, फोडला आणि एका मेंढीपुढे धरला.

बायकोने तो अलगद त्याच्या हातून घेतला. माझ्या पाठीवर, बरगडीच्या मागे, तिने दोन बोटं दाबून पाहिली आणि पुडा माझ्या हातात दिला.

"तुमी खा," म्हणाली. "तुमचं हाड लागतंय आता."