लोखंडी गायीच्या गाडीवर ओर्वोक्की

इसाल्मीच्या आसपासच्या गावांत ओर्वोक्की हुत्तिनेनला ओळखत नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही, कारण त्यातल्या निम्म्यांना तिनेच शाळेत पोचवलेलं. उभं आयुष्य तिने बसचं स्टेअरिंग धरलं. बर्फ असो, चिखल असो, रस्त्यात घोड्याएवढं एल्क हरीण ठाण मांडून उभं असो, ओर्वोक्कीची गाडी थांब्यावर यायची ती यायचीच. अंगाने लहानखुरी, पाठीवर करड्या केसांची घट्ट वेणी. ती वेणी सौनाच्या वाफघराखेरीज कुठे सुटलेली कुणी पाहिली नव्हती.

संगीत तिला आवडायचं, नाही असं नाही. पण तिच्या लेखी संगीत म्हणजे टँगो. शनिवारी तळ्याकाठच्या नाचघरात जायचं, नवऱ्याच्या, म्हणजे तावेत्तीच्या, खांद्यावर हात ठेवायचा आणि अकॉर्डियनच्या तालावर दोघांनी मिळून दुःखी व्हायचं. त्यापलीकडे जे काही कानावर पडे, त्याला ती नुसता 'आवाज' म्हणे.

त्या उन्हाळ्यात तिच्या कंपनीचा एक ड्रायव्हर धुराडं साफ करताना छपरावरून पडला आणि पाय मोडून घेतला. जुलैभर त्याची गाडी एका वाद्यवृंदाने ठरवून ठेवलेली. मालकाने ओर्वोक्कीला विचारलं, जाशील का? तिने विचारलं, कसले वाजवणारे आहेत? आता आम्ही सावो प्रांतातली माणसं सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर आजारी पडू. मालक खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वाजवतात म्हणे जोरात." ओर्वोक्कीला वाटलं, नाचाचा बँड असणार. तिने पिशवीत नाचाचे बूट टाकले.

ठरल्या ठिकाणी पाच दाढीवाले काळ्या पेट्या रचून उभे होते. सगळ्यांच्या सदऱ्यांवर कवट्या, आणि कवट्यांना गायीची शिंगं. बँडचं नाव रौतालेह्मा, म्हणजे लोखंडी गाय. त्यातला सगळ्यांत आडदांड, बेंबीपर्यंत दाढी आलेला, पुढे येऊन काहीतरी म्हणाला. ओर्वोक्कीला ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, तरी नाही. तिसऱ्यांदा तिने कान जवळ नेला तेव्हा कळलं, की त्याचं नाव एन्सिओ, तो बालवाडीत शिकवतो, आणि तिच्यासाठी त्याने दालचिनीचे पाव भाजून आणलेत. ड्रम वाजवणारा सुलेवी हा गुरांचा डॉक्टर. उरलेले तिघे पार्तानेन बंधू. त्यांतले दोघे गिटारवाले आणि धाकटा बेस वाजवणारा. तिघे मिळून दिवसाला एक वाक्य बोलत, आणि तेही बहुधा कॉफीबद्दल.

माणसं तर देवमाणसं निघाली. पहिल्या मुक्कामी ओर्वोक्कीने नाचाचे बूट घातले, कॉफीचा पेला घेतला आणि मंचाच्या कडेला जाऊन उभी राहिली. सुलेवीने काठ्या उगारल्या. पुढच्या क्षणी पेल्यातली कॉफी उडून तिच्या बाहीवर आली. तिला वाटलं, आपल्या गाडीचं इंजिन फुटलं. ती बूट वाजवत धावत गाडीपर्यंत गेली, बॉनेट उघडलं, तेलाची काठी तपासली. इंजिन थंडगार होतं. फुटलं होतं ते मागे मंचावर, आणि तो दालचिनीच्या पावांचा एन्सिओ पिल्लू पळवलेल्या गुहेतल्या अस्वलासारखा गुरगुरत होता.

ओर्वोक्कीने हत्यारांच्या पेटीतून झाडं तोडताना लावायचे जाड कानबंद काढले, कानांवर चढवले आणि गाडीत बसून शब्दकोडं सोडवलं. तावेत्तीला फोन करून म्हणाली, माणसं फार गोड आहेत, फक्त वाजवायला नको होती.

हे असं दोन-तीन मुक्काम चाललं. मग एका सकाळी राय धान्याच्या काळ्या पावाला लोणी लावता लावता सुलेवी म्हणाला, "ओर्वोक्की, तू एकदम सगळं ऐकायला जातेस, तिथेच चुकतेस."

"मी काहीच ऐकत नाही. कानबंद आहेत माझ्याकडे."

"ते दिसतंय. पण असं बघ, गोठ्यात चाळीस गाई एकदम हंबरल्या तर तुला नुसता गोंगाट वाटेल. मला वाटत नाही, कारण मी एकीचा आवाज धरतो. आज तू फक्त माझे पाय ऐक. बाकी आम्ही मेलो समज."

पाय ऐकायचे, हे ओर्वोक्कीला पटलं. पायाने जगलेली बाई ती. त्या दिवशी ती ड्रमच्या मागे स्टुलावर बसली, आणि पाहते तर काय, सुलेवीच्या पायांखाली दोन पेडल, आणि दोन्ही पाय असे चाललेले की क्लच आणि ब्रेक वेडे झालेत. तरी एक ठोका इकडचा तिकडे नाही. वसंतात बर्फ वितळून खडीच्या रस्त्यावर लाटा उठतात, त्यावरून रिकामी बस नेली की जी थरथर टाचांतून कमरेत आणि कमरेतून दातांत चढते, तीच ही. ती थरथर तिला आयुष्यभर आवडत आलेली. फक्त हे कुणाला सांगायचं कधी सुचलं नव्हतं. ओर्वोक्कीला हसू फुटलं. कानबंद कानांवर, हात मांड्यांवर, आणि बाई आपली खुदुखुदू हसतेय.

दुसऱ्या दिवशी धाकट्या पार्तानेनने काही न बोलता तिचा हात धरून स्पीकरच्या लाकडी पेटीवर ठेवला आणि बेसची एक तार छेडली. तिच्या कोपराला गुदगुल्या झाल्या. "हा मी," तो म्हणाला, आणि त्याचा त्या दिवसाचा कोटा संपला. त्यानंतर तिला त्या गोंगाटात पार्तानेन वेगळा सापडू लागला, जसा गर्दीत ओळखीचा कोट सापडावा. मग थोरल्या दोघांच्या गिटारी सापडल्या. दोन चुलत बहिणींसारख्या त्या सतत एकमेकींचं वाक्य तोडत होत्या. एकेक वाद्य हाती लागेल तसे तिने कानबंद काढले आणि एन्सिओने दिलेले मेणाचे बोळे घातले. तो या बाबतीत कडक होता. कान उघडे ठेवून मंचाजवळ जायचं नाही, ही त्याची बालवाडीतली शिस्त.

राहिला एन्सिओचा आवाज. तो मात्र तिला पचेना. शेवटी तिने सरळच विचारलं, की तू नेमका कुणाला शिव्या देतोस? एन्सिओ लाजला. त्याने कॉफी बाजूला ठेवली आणि मुलांना गोष्ट सांगावी तशा आवाजात एका गाण्याचे शब्द म्हणून दाखवले. म्हातारा घोडा गोठलेल्या तळ्यावरून घरी निघालाय, बर्फाला विनवतोय की अजून थोडा वेळ मला धर, पलीकडे माझा माणूस दिवा घेऊन उभा आहे.

ओर्वोक्कीने त्याला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "अरे, हा तर टँगो आहे."

"आहेच की."

"मग ओरडतोस कशाला?"

"घोड्याचं वजन बघ ना किती. कुजबुजून कसं चालेल?"

हे तिला इतकं पटलं की संध्याकाळी त्या गाण्याला तिने डोळे पुसले आणि लगेच, घोडा पोचला म्हणून, टाळ्याही वाजवल्या. तावेत्तीला फोनवर सांगितलं, आपलं शनिवारचंच दुःख आहे रे, फक्त चिखलाचे जड बूट घालून आलंय. तावेत्ती म्हणाला, तुला ऊन लागलंय, टोपी घालत जा.

पुढच्या मोठ्या मेळ्यात ती प्रथमच मंचाची बाजू सोडून गर्दीत शिरली. कातडी जाकिटांचा, साखळ्यांचा, गोंदवलेल्या दंडांचा जंगी जमाव. एका राक्षसासारख्या माणसाने तिला पाहिलं, "बाई, इथून तुला दिसायचं नाही," म्हणाला, आणि माणसामाणसाला खांद्यावर थोपटत तिला थेट पुढच्या कठड्याशी नेऊन उभं केलं. शेजारच्या पोरीने तिचा चष्मा फुटू नये म्हणून मागून घेतला, आपल्या चष्म्याच्या डबीत ठेवला. मागे माणसं एकमेकांवर आदळत होती, पण कुणी पडला की चार हात त्याला उचलायला आधी. नाचघरात पडलं तर लोक आधी हसतात, ओर्वोक्कीच्या मनात आलं.

सुलेवीचे पाय सुरू झाले. मग धाकटा आला, मग त्या चुलत बहिणी, आणि त्या सगळ्यावर एन्सिओ, आणि पहिल्यांदाच तिला ते सगळं एकदम ऐकू आलं, वेगवेगळं आणि तरीही एकच. हात आपोआप मागे गेला, वेणीची गाठ सुटली, करडे केस मोकळे झाले, आणि ओर्वोक्की हुत्तिनेनच्या अंगात आलं. ती घुमली. केस पुढे, केस मागे, राक्षसाच्या दाढीत, पोरीच्या तोंडात. आजूबाजूच्यांनी तिला जागा करून दिली आणि मग तिच्याच तालावर तेही घुमू लागले. मंचावर एन्सिओ एक ओळ विसरला, आणि तो कधीच विसरत नसे.

सकाळी तिची मान खांबासारखी आखडली होती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. आरशात बघायचं तर सगळं धड वळवायला लागे. अशा मानेने बस चालवायची नाही, हे तिनेच आधी सांगितलं. दुपारी पलीकडच्या गावात तळ्याकाठी कार्यक्रम, आणि पाचांपैकी एकाकडेही बसचा परवाना नाही. मुक्काम लेम्पी नावाच्या बाईच्या शेतावर होता. पहाटेच सुलेवीने तिच्या अडलेल्या गायीला सोडवलं होतं, त्यामुळे लेम्पी खुशीत होती. तिने ट्रॅक्टर काढला, मागे गवताची ट्रॉली जोडली आणि म्हणाली, चढा.

पेट्या चढल्या, ड्रम चढले, गवताच्या गठ्ठ्यांवर पाच दाढ्या बसल्या, आणि मानेभोवती टॉवेल गुंडाळून ओर्वोक्की मागे तोंड करून बसली, कारण वाऱ्याने मान ठणकत होती. ट्रॅक्टर आपल्या चालीने निघाला. रस्ता अरुंद, वळणावळणाचा. थोड्याच वेळात मागे गाड्यांची शेपटी लागली. आमच्याकडे कुणी भोंगा वाजवत नाही. नुसते बघत राहतात, आणि ते भोंग्यापेक्षा वाईट. एन्सिओला ते सहन होईना. तो उभा राहून आपल्या मऊ आवाजात सगळ्यांची माफी मागू लागला, पण ट्रॅक्टरपुढे त्याचं काय ऐकू येणार?

"तुझ्या त्या दुसऱ्या आवाजात सांग ना," ओर्वोक्की म्हणाली.

एन्सिओने छाती भरून घेतली आणि सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असा गुरगुरला, "माफ कराऽऽ! आम्हाला फार वाईट वाटतंयऽऽ!"

मागच्या गाडीतली म्हातारी दचकली, मग हसून हसून स्टेअरिंगवर आडवी झाली. तिच्या मागच्या गाडीत तर कार्यक्रमालाच निघालेली पोरं होती. त्यांनी काचा खाली केल्या. सुलेवीने दुधाच्या रिकाम्या किटल्यांवर ताल धरला. ओर्वोक्कीला राहवेना. तिने विचारलं, मलाही जमेल का? एन्सिओने तिथेच शिकवलं: घशातून नाही, पोटातून, जड पेटी उचलतेस तसा दम धर. पण म्हणायचं काय? तिला गाणं एकही पाठ नव्हतं. पाठ होते ते फक्त थांबे.

"सोन्काजार्वीऽऽ," ती गुरगुरली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "विएरेमाऽऽ! लापिन्लाह्तीऽऽ!"

तिन्ही पार्तानेन एकदम हसले, आणि हा त्यांच्या घराण्यातला विक्रम असावा.

तळ्याकाठी पोचायला उशीर झालाच, पण निम्मे प्रेक्षक ट्रॅक्टरच्या मागूनच आले असल्यामुळे तक्रार कोण करणार? दोन गाणी झाली आणि ती गाडीतली पोरं ओरडू लागली, थांबे, थांबे. सगळ्या मैदानाने ते उचललं. एन्सिओने हात धरून ओर्वोक्कीला मंचावर आणलं. टॉवेल मानेला, केस मोकळे, मान ताठ. सुलेवीचे पाय सुरू झाले आणि तिने सगळा शाळेचा मार्ग पोटातून काढला. एकेक थांबा आला की मैदान उसळत होतं. ज्यांचं गाव आलं ते तर वेडे होत होते.

तेवढ्यात तिला समोर तावेत्ती दिसला. मान आखडल्याचं कळल्यावर तो तिला न्यायला गाडी घेऊन आला होता. शनिवारचा कोट घालून कठड्याशी उभा, शेजारी मेळ्यातला तोच दाढीवाला राक्षस, आणि तावेत्तीच्या कानांत कुणीतरी मेणाचे बोळे घातलेले. चेहऱ्यावर काहीच नाही. तावेत्तीच्या चेहऱ्यावर लग्नातही काही नव्हतं.

ती खाली उतरली तेव्हा तिला धाप लागली होती. तिने विचारलं, कसं वाटलं?

"रुन्नीचा थांबा विसरलीस," तावेत्ती म्हणाला. बोळे काढता काढता पुढे म्हणाला, "तिथे माझी बहीण राहते."

घरी जाताना गाडी त्याने चालवली, ती ताठ मानेने समोर बघत राहिली, आणि वाटेत तिने त्याला सुलेवीचे पाय समजावून सांगितले. त्याने दोनदा विचारलं, की दोन पेडलचा नेमका काय उपयोग. मान सुटेपर्यंत मालक स्वतः बसवर बसला, आणि पुढच्या शनिवारी दोघं नाचघरात गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी लोखंडी गायीकडे, कारण छपरावरून पडलेल्या ड्रायव्हरचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता, आणि तावेत्तीला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्या दिवशी दुसरं काही काम नव्हतं. त्याने स्वतःचे कानबंद आणले होते. घोड्याच्या गाण्याला त्याने ते हळूच एका कानावरून वर सरकवले, ओर्वोक्कीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या सगळ्या धुमश्चक्रीत दोघांनी अगदी संथपणे, पावलं मोजून, टँगो केला.